सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. बहुतेक माणसं शेतीत, नाहीतर साखर कारखान्यात. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथं गावकऱ्यांची बैठक भरली. रस्त्याचा किंवा पाण्याचा विषय नव्हता. कोरोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला होता. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी तो हातातून सुटला नव्हता. मुलं वर्गात आळसावून बसतात, लिहायचा-वाचायचा कंटाळा करतात, शाळेच्या आधी आणि नंतर मोबाइलमध्येच असतात, हे शिक्षकांच्या ध्यानात आलं होतं. सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढं एक सूचना ठेवली: रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, दीड तास, गावातले सगळे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे.

पुरुषमंडळी आधी हसली. मग ग्रामपंचायतीनं बायकांना एकत्र बोलावलं. आपण मालिका फार पाहतो हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं, आणि बंद करायचं तर सगळ्या गावानंच करावं असं सांगितलं. मंदिरावर भोंगा बसवला गेला. सात वाजता तो वाजला की घराघरातले पडदे विझायचे, मुलं दप्तर उघडायची. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की ज्याला हवा त्यानं फोन पुन्हा घ्यावा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत.

या गोष्टीची बातमी देशभर झाली, परदेशातही झाली. बहुतेक ठिकाणी ती एक गमतीशीर प्रयोग म्हणून छापली गेली. मला मात्र वाटतं की सोशल मीडियापासून काही काळ लांब राहण्याच्या प्रश्नाचं मोठमोठ्या विद्यापीठांना उशिरा सापडलेलं मर्म या गावाला आधीच सापडलं होतं. खेड्यातल्या घरात अभ्यासाची वेगळी खोली नसते. एकाच खोलीत चूल किंवा गॅस, तिथंच टीव्ही, तिथंच आजोबांची खाट आणि तिथंच मुलाची वही. बापाच्या हातातल्या फोनवर व्हिडिओ चालू असेल तर मुलाचा फोन काढून घेऊन काय होणार? म्हणून भोंगा सगळ्यांसाठी वाजला. त्या ‘सगळ्यांसाठी’चं महत्त्व सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहिते आहे.

पण त्याआधी फोन हातातून का सुटत नाही, ते पाहू.

नळाला पाणी कधी येणार?

ज्या गल्लीत नळाला रोज सकाळी सहा वाजता पाणी येतं, तिथं दुपारी दोनला कोणी तोटी सोडून पाहत नाही. पाण्याची वेळ बेभरवशाची असली की घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता तोटी फिरवून बघतं. दहा वेळा कोरडी हवा येते, अकराव्या वेळी पाणी येतं, आणि त्या अकराव्या वेळेमुळं पुढचे शंभर हेलपाटे घडतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. कितव्या चोचीला दाणा पडेल याचा नेम नसेल तर ते न थांबता चोच मारत राहतं, आणि दाणा कायमचा बंद केल्यावरही बराच वेळ मारत राहतं. फेसबुकवर ‘लाइक’चं बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आलं. आपण टाकलेल्या फोटोला कोण, कधी, किती दाद देईल याचा नेम नसतो. पडदा बोटानं खाली ओढून सोडला की कधी काही येतं, कधी नाही. तोटीच ती.

दुसरी गोष्ट शेवटाची. वर्तमानपत्र वाचून घडी घातली की संपतं. मासिकाला शेवटचं पान असतं. पूर्वी संकेतस्थळावरही खाली ‘पुढील पान’ असं बटण असायचं. ते दाबायच्या आधी क्षणभर बोट थांबायचं, आणि त्या क्षणात माणसाला गॅसवरचं दूध आठवायचं. २००६ मध्ये आझा रास्किन या तरुण अभियंत्यानं न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली: खाली जाल तसा मजकूर आपोआप येत राहतो. वाचकाची सोय व्हावी हा त्याचा हेतू होता. पुढं त्यानं या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. थांबायची जागाच काढून टाकली की थांबण्याचं सगळं काम माणसाच्या निग्रहावर येऊन पडतं, आणि दिवसभर नोकरी, घर, प्रवास करून आलेल्या माणसाकडं रात्री दहा वाजता निग्रह उरतो तो किती?

या ओढीची खूण शरीरातही उमटते. फोन वाजलेला नसताना खिशात तो थरथरल्याचा भास होतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची २०१२ साली प्रसिद्ध झालेली पाहणी आहे. त्यात ८९ टक्के मुलांना हा भास होत असल्याचं आढळलं. फोन घरी विसरून भाजी आणायला गेलेल्या कोणालाही हे नवं वाटणार नाही. पिशवी खांद्याला असते आणि हात उगाच खिसा चाचपतो.

सुटी घेतली तर काय होतं?

या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ. मोजून पाहणारे थोडे. जे मोजलं गेलं त्यातला एक भरीव प्रयोग २०१८ सालचा आहे. अमेरिकेत मध्यावधी निवडणुका तोंडावर आल्या होत्या. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेन्झको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुक वापरणाऱ्या लोकांना विचारलं: चार आठवडे खातं बंद ठेवायला किती पैसे घ्याल? निम्म्या लोकांनी सुमारे १०० डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम सांगितली. काहीच मोल न देता मिळणाऱ्या वस्तूची ही किंमत! तयार झालेल्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून, पैसे देऊन, खरोखरच महिनाभर बंद ठेवायला लावलं. बाकीचे नेहमीसारखे वापरत राहिले.

खातं बंद ठेवणाऱ्यांचा रोज सरासरी सुमारे एक तास मोकळा झाला. तो दुसऱ्या एखाद्या ॲपवर गेला असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. त्यातला बराच वेळ घरच्यांत आणि मित्रांत गेला. थोडा टीव्हीपुढंही गेला. लोकांनी स्वतःच सांगितलेलं मनाचं समाधान वाढलं, पण थोडं. राजकीय कडवटपणा कमी झाला. आणि एक तोटाही झाला: चालू घडामोडींची त्यांची माहिती घटली. मला या प्रयोगातली सर्वांत बोलकी वाटते ती नंतरची गोष्ट. महिना संपला, पैसे मिळाले, बंधन सुटलं. तरी हे लोक आधीइतके फेसबुकवर परतले नाहीत. त्यांचा वापर इतरांपेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक कमी राहिला. पुढचा महिना बंद ठेवायला ते मागत असलेली रक्कमही उतरली. आपल्याला ही वस्तू किती हवी आहे याचा आपला अंदाज चुकलेला असतो, आणि तो दुरुस्त व्हायला काही दिवस लांब राहावं लागतं.

सगळेच निष्कर्ष इतके सरळ नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १३८ जण होते. त्यातल्या काहींनी पाच दिवस फेसबुक सोडलं. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. मात्र आयुष्याबद्दल समाधान किती, असं विचारल्यावर ते आधीपेक्षा कमी समाधानी निघाले. शरीर निवांत झालं होतं आणि मन माणसांना मुकलं होतं. ही विसंगती मी सांगून टाकते, कारण सोशल मीडिया सोडला की माणूस लगेच आनंदी होतो असं छातीठोकपणे सांगणारे लेख रोज वाचायला मिळतात. तसं होत नाही. पहिले तीन-चार दिवस तर रिकामे आणि चिडचिडे जातात, आणि नेमकी तेव्हाच बरीच माणसं परततात.

अलीकडचा आणखी एक प्रयोग फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६७ जण होते. त्यांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचं होतं. फोन करणं, साधे मेसेज पाठवणं चालू, आणि संगणकावर इंटरनेट वापरायलाही मोकळीक. फोनवरचा त्यांचा रोजचा वेळ सरासरी ३१४ मिनिटांवरून १६१ मिनिटांवर आला. एका कामावर लक्ष टिकवण्याची क्षमता सुधारली आणि मनःस्वास्थ्यही सुधारलं. कोणत्या ना कोणत्या मोजमापात फायदा झालेले ९१ टक्के होते. यातला एक आकडा मात्र विचार करायला लावणारा आहे: ठरलेला नियम पूर्ण पाळू शकलेले साधारण चौथा हिस्सा. स्वतःहून नाव नोंदवलेली, बदलाची इच्छा असलेली माणसं होती ही.

एकट्यानं केलं की काय होतं, ते माझ्याही वाट्याला आलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी ३० दिवसांचा निश्चय केला आणि कोणाला न सांगता फोनवरची सगळी ॲप काढून टाकली. व्हॉट्सॲपसुद्धा. पहिल्या आठवड्याची तगमग सरली. दुसऱ्या आठवड्यात रात्री झोपण्यापूर्वी पुस्तकाची वीस-पंचवीस पानं सहज होऊ लागली. हे सुख मी विसरूनच गेले होते. सोळाव्या दिवशी बाजारात शाळेतली एक मैत्रीण भेटली आणि म्हणाली, “तू बाईंना बघायला आली नाहीस?” आम्हाला पाचवी ते सातवी मराठी शिकवणाऱ्या बाई चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. निरोप शाळेच्या ग्रुपवर पडला होता. वीस-बावीस जणी जमल्या होत्या. बाईंचं घर माझ्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर. त्याच संध्याकाळी मी सगळी ॲप परत घातली, आणि पुढचे दोन महिने आधीपेक्षा जास्त वेळ त्यावर घालवला.

ती चूक माझी होती, हे खरं. पण त्या चुकीत एक मोठी गोष्ट दडली आहे. आपल्याकडं पूर्वी मृत्यूचा निरोप माणूस घेऊन यायचा, नंतर तार आली, मग घरचा फोन. आता तो ग्रुपवर पडतो. साखरपुड्याचं आमंत्रण, शाळेला उद्या सुटी असल्याची सूचना, सोसायटीच्या टाकीची सफाई, बाजार समितीतला आजचा कांद्याचा भाव, सगळ्यांनी आपापला मुक्काम तिकडं हलवला आहे. गावाची चावडीच उठून दुसरीकडं गेली तर एकट्यानं जुन्या पारावर बसून राहण्यात शहाणपण काय?

सगळे थांबले तर

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याच गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी अमेरिकेतल्या हजारावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी विचारलं: तुझे मित्र वापरत राहतील आणि तू एकट्यानं चार आठवडे खातं बंद करायचं, तर किती पैसे हवेत? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. मग दुसरा प्रश्न: तुझ्यासकट सगळ्यांचीच खाती बंद करायची असतील तर? इथं हिशेब उलटा फिरला. मुलं पैसे मागेनात. सगळ्यांचं बंद होणार असेल तर पदरचे पैसे द्यायला ती तयार झाली. टिकटॉक सगळ्यांचंच बंद व्हावं म्हणून सरासरी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वडगावच्या बायकांचं म्हणणं आठवलं. बंद करायचं तर सगळ्या गावानं. ज्या वस्तूसाठी आपण पैसे मागतो, तीच वस्तू नसलेल्या जगात राहण्यासाठी आपण पैसे मोजायला तयार असतो, याचा अर्थ आपण ती आवडीपोटी वापरतो असं मानणं अपुरं आहे. बाकीचे तिथं आहेत म्हणून आपण तिथं आहोत. बाकीचेही आपण आहोत म्हणून आहेत.

याची झलक साऱ्या जगाला एकदा फुकट मिळाली होती. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीच्या यंत्रणेतल्या दुरुस्तीच्या एका आज्ञेमुळं तिच्या सर्व्हरकडं जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते. आमच्या घरी आधी राउटर बंद-चालू करून झाला, मग शेजारी चौकशी, आणि सगळ्यांचंच गेलं आहे हे कळल्यावर एक विलक्षण सैलपणा आला. कोणी काही पाठवत नव्हतं, कोणी उत्तराची वाट पाहत नव्हतं. लहानपणी वीज गेल्यावर गल्ली अंगणात यायची, तसं वाटलं. अर्थात ज्यांचा धंदाच व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींवर चालतो अशा डबेवाल्या ताईंना किंवा परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईबापांना ती रात्र जड गेली असणार, हे विसरून चालणार नाही.

मुलांपुरती बंदी हा याच वाटेवरचा सोपा वाटणारा फाटा आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला. त्यामागची काळजी खरी आहे. पण मला वडगावचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. मोठ्यांनी स्वतःचा फोन खाली न ठेवता मुलाच्या हातून काढून घेतला तर मूल त्यातून एवढंच शिकतं की मोठं झाल्यावर आपल्यालाही असाच दिवसभर वापरता येईल.

नेमाची मुदत

आपल्याकडं काही काळापुरतं सोडण्याची विद्या जुनी आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने कांदा-लसूण सोडणारी माणसं आजही घराघरात आहेत. कोणी चातुर्मासात मौनानं जेवतं, कोणी एकवेळ जेवतं. या नेमांच्या धार्मिक फळाबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. त्यांच्या रचनेकडं मात्र बघण्यासारखं आहे. नेम कधी सुरू होणार आणि कधी सुटणार हे पंचांगात छापलेलं असतं. सोडायची वस्तू एकच आणि नेमकी असते. घरातल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो, म्हणून आईचा चातुर्मास असेल तर तिच्यासाठी आमटी वेगळी काढली जाते आणि फोडणीत लसूण नंतर पडतो. नेम करणाऱ्याला दर जेवणाला स्वतःशी झगडावं लागत नाही. अर्धं ओझं घर उचलतं. आणि शेवटी उद्यापन असतं.

गांधीजी सोमवारी मौन पाळत. गरज पडली तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. सोमवार ठरलेला असल्यामुळं भेटायला येणारे त्या हिशेबानं येत. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवसांच्या शिबिराला गेलं की फोन आधी जमा करावा लागतो, आणि पहाटे चारच्या घंटेपासून रात्रीपर्यंत आर्यमौन. घरी एक तास फोन बाजूला ठेवू न शकणारी माणसं तिथं दहा दिवस राहून येतात. निग्रह अचानक वाढतो थोडाच! आजूबाजूच्या कोणाच्याच हातात फोन नसतो, आणि अकराव्या दिवशी घरी जायचं हे माहीत असतं.

माझी दुसरी सुटी मी या धड्यावरून बेतली. मुदत २१ दिवस. सोडायच्या वस्तू दोनच: फेसबुक आणि इन्स्टाग्राम. व्हॉट्सॲप ठेवलं, पण त्यातला स्टेटसचा भाग पाहायचा नाही आणि ग्रुप फक्त सकाळी एकदा व रात्री एकदा. सुरू करण्याआधी दहा-बारा जवळच्या माणसांना फोन करून सांगितलं, “एकवीस दिवस मी तिथं नाही. काही बरं-वाईट असेल तर सरळ फोन कर.” यातल्या तिघींनी खरंच फोन केले, एकीनं तर काहीच बरं-वाईट नसताना केला आणि आम्ही पाऊण तास बोललो. घरात नवरा आणि दहावीतली मुलगी, दोघांनी रात्री आठ ते साडेनऊ फोन ठेवून द्यायचं कबूल केलं. तिघांचे फोन फडताळातल्या रिकाम्या लाडवाच्या डब्यात जात. मुलीची अट एकच होती: डब्याचं झाकण वेळेच्या आधी कोणी उघडायचं नाही, बाबांनीसुद्धा. २१ दिवस पुरे झाले. फेसबुकवर मी आज आहे, पण पूर्वीसारखी नाही. डबा मात्र अजून चालू आहे.

आता थोडं तांत्रिक, कारण नेमकं इथं लोक फसतात. फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. ते जसंच्या तसं राहतं, फक्त आपल्या हाताशी नसतं. सुटीसाठी बहुतेकांना एवढं पुरतं. फेसबुकवर खातं तात्पुरतं स्थगित करता येतं आणि हवं तेव्हा परत येता येतं. ते कायमचं काढून टाकणं हा वेगळा पर्याय आहे, आणि तो निवडला तरी मन बदलायला ३० दिवस मिळतात. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, इथं मात्र सावध राहावं. तिथं स्थगित केलेल्या खात्यात ३० दिवसांत परत आला नाहीत तर ते कायमचं जातं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये खातं तात्पुरतं स्थगित करण्याचा पर्याय नाही. तिथं खातं काढलं की जुने संवाद जातात आणि तुम्ही सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता. म्हणून ते काढू नये. ग्रुपचा आवाज कायमचा बंद करून त्यांना संग्रहात टाकावं. नवा मेसेज आला तरी ते तिथंच राहतात. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत २०१८ पासून प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालण्याची सोय आहे. ती उपयोगी आहे, पण मर्यादा वाढवण्याचं बटणही तिथंच असतं, त्यामुळं केवळ तिच्या भरवशावर राहू नये.

बोलणं आणि स्क्रोल करणं यांत मी स्पष्ट फरक करते. न्यू जर्सीतल्या नातवाशी आजीचा रविवारचा व्हिडिओ कॉल बंद करायला सांगणं हा अडाणीपणा आहे. घरून पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला महिनाभर सगळं बंद कर म्हणणारा तिच्या पोटावर पाय देतो. तिनं रात्री नऊनंतरच्या ऑर्डरी सकाळी पाहाव्यात, एवढी सुटीही खरी सुटी आहे.

आणि काहींच्या बाबतीत प्रश्न सुटीच्या पलीकडं गेलेला असतो. झोप उडाली आहे, परीक्षा किंवा नोकरी हातची जाते आहे, फोन काढून घेतला की मुलगा अंगावर धावून येतो, स्वतःला इजा करण्याची भाषा करतो. अशा घरांनी डबे आणि नेम यांत वेळ घालवू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार विभाग चालतो, आणि आता जवळच्या मानसोपचारतज्ज्ञालाही हा त्रास नवा राहिलेला नाही. तिथं जाण्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी, मला महिन्याभराच्या एकट्याच्या निश्चयापेक्षा रोजचा दीड तास अधिक भरवशाचा वाटतो. महिनाभराच्या सुटीतून डोळे उघडतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगानं दाखवलं आहे, आणि ज्याला जमेल त्यानं ती जरूर घ्यावी. पण घरातल्या तीन माणसांपैकी एकानं महिनाभर सोडलं तर उरलेले दोघं जेवताना फोनच पाहत राहतात. तिघांनी दीड तास सोडला तर त्या दीड तासात घरात बोलायला माणसं असतात.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी गिरणीच्या भोंग्यावर सगळ्या चाळीचं घड्याळ चालायचं. पाळी कधी सुरू होते, कधी सुटते, हे कोणाला विचारावं लागत नसे. वडगावनं तोच आवाज आपल्या कामाला लावला. तुमच्या घरावर भोंगा नसेल, पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी असते, देवघरात घंटा असते. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना, अगदी लहानातल्या लहानालाही, विचारा की आपला भोंगा किती वाजता वाजवायचा. आणि सुटायचा किती वाजता, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.